वाळलेली जमीन

आत्याच्या नृत्यवर्गाच्या खोलीत बाबांनी सोमवारी लाकडी पट्ट्यांच्या पहिल्या चार ओळी चिकटवल्या. शुक्रवारी त्यांवरून हात फिरवून ते म्हणाले, "ही जमीन आहे की पन्हळी पत्रा?"

प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या होत्या. वर्ग दहा दिवसांनी सुरू व्हायचा होता. अकरा मुली. आता तारीख पुढे ढकललीत तर दुसरा वर्ग बघू, असं पालकांनी आत्याला बजावलेलं.

लाकूड आलं तेव्हा ओलावामापकाच्या सुया टोचून "दहा टक्के, ठणठणीत!" असं मीच सांगितलं होतं. आता एक पट्टी उपटून मोजली. वरच्या अंगाला दहा, खालच्या अंगाला सतरा. लाकूड पाणी प्यायलं की लांबीत नाही, रुंदीत फुगतं. खालचं अंग फुगलं, म्हणून कडा वर आल्या.

जमिनीवर सिमेंटचा थर घालणाऱ्या गवंडीकाकांना बोलावलं.

"काका, जमीन वाळली म्हणालात ना?"

"वाळलीच आहे की! हत्ती नाचव."

"मला मुली नाचवायच्यात," आत्या म्हणाली.

काकांच्या लेखी 'वाळली' म्हणजे घट्ट झाली, पाय उमटत नाही. सुतारकाम करणाऱ्या बाबांच्या लेखी 'वाळलं' म्हणजे पाणी गेलं. बत्तीस वर्षं दोघं एकत्र काम करतात. पण काकांच्या जमिनीवर आजवर फरशाच बसल्या, त्यामुळे हा फरक कधी नडला नव्हता. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाणी धरून होतं. उरलेलं पाणी मग कित्येक आठवडे वर येत राहतं. हे मी स्थापत्यच्या परीक्षेत लिहिलंय. इथे जमिनीचा ओलावा मोजायचं मात्र सुचलं नाही.

उघड्या जमिनीवर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. दुसऱ्या दिवशी सोलला, तर खाली थेंबच थेंब.

"घाम फुटलाय हिला," काका पुटपुटले.

"तुला फुटायला हवा," बाबा म्हणाले.

सिमेंटचा दोन इंचांचा थर, घालून तीनच आठवडे झालेले. "अजून पाच-सहा आठवडे तरी," मी म्हणाले.

"आणि आत्ताच बसवलं तर?" आत्याने बाबांना विचारलं.

"ताई, पट्टी उचकटून एखादीचा पाय मोडेल. मी नाही बसवणार."

बाबांनी तिला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. नुसत्या सिमेंटवर नाचवलं तर गुडघे जातात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मग तिने एकेका घरी फोन लावला. "वर्ग ठरल्या दिवशीच सुरू होईल. दीड महिना बसून शिकवेन. हात, मान, नजर."

"नाच शिकायला पाठवतोय, बसायला नाही," एका आईने फोन ठेवला.

ठरल्या दिवशी सात जणी आल्या आणि चटयांवर बसल्या. आत्याने त्यांना मोजलं नाही.

"नजर समोर. पाय विसरा."

कडेच्या मुलीच्या पायाची बोटं मांडीखाली ताल धरतच राहिली. आत्याने ते पाहिलं आणि पुढची मुद्रा दाखवली.