भेगा झाकलेलं घर

मी एक घर आहे, मित्रांनो. जुनं म्हणावं तर वय अवघं नऊ वर्षांचं, पण अंगावरच्या भेगा नव्वदीतल्या म्हाताऱ्यालाही लाजवतील. चंद्रपूर शहर संपतं आणि कोळशाच्या खाणीचे मातीचे ढिगारे सुरू होतात, त्या मधल्या वस्तीत मी उभं आहे.

अठ्ठ्याहत्तर साली देवरावांनी मला बांधलं. खाणीतली पाळी संपवून यायचे आणि तसेच विटा रचायला बसायचे. गिरजाबाई चिखल तुडवायच्या. वर कवेलूंचं छप्पर चढलं, पुढच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. वस्तीतलं पहिलं पक्क्या विटांचं घर म्हणून लोक मला वळून पाहायचे. मला त्याचा फार तोरा होता.

तेव्हा खाण लांब होती. हळूहळू ती सरकत जवळ आली. रोज दुपारी दोनला भोंगा वाजायचा, मग सुरुंग. आधी फळीवरची भांडी थरथरायची, मग मी. पहिली भेग केसाएवढी होती. दोन वर्षांत तिच्यात बोट जाऊ लागलं. वस्तीनं खाणीच्या कचेरीत अर्ज केला. साहेब येऊन भेगा पाहतील, तडकलेल्या घरांवर लाल आकडा टाकतील आणि त्या लोकांना दूर, सुरक्षित जागा मिळेल, असं उत्तर आलं.

पण गिरजाबाईंना भिंतीला भेग म्हणजे अंगावर फाटकं लुगडं वाटायचं. त्यातून त्या एप्रिलात बाबासाहेबांची जयंती होती आणि लेकीला, शालूला, पाहायला वरोऱ्याचे पाहुणे येणार होते. त्यांनी प्रत्येक भेगेत सिमेंट कोंबलं, वरून निळीचा चुना फासला. शेजारच्या केसरबाईंनी मात्र चुन्याला हातही लावला नाही. "तिच्या घराले पाहून तं पाहुणे मोडावरूनच वापस जातीन," म्हणून गिरजाबाई हसल्या.

पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या, तेवढ्यात साहेब दारात आले.

"भेगा कुठं आहेत?"

"आमच्या घराले?" गिरजाबाई म्हणाल्या. "एकबी नाई साहेब. पाहा ना, भिती कशा गुळगुळीत हायेत."

देवरावांनी तोंड उघडलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि ते चहा आणायला आत गेले. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी मिरवायचंच होतं.

लाल आकडा केसरबाईंच्या भिंतीवर पडला. सोयरीक जमली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं गिरजाबाई देवरावांना म्हणाल्या.

पावसाळ्यात चुना गळाला आणि भेगा दुपटीनं उघडल्या. केसरबाई नव्या जागी गेल्या. देवराव कचेरीत गेले, तर यादीत 'भेग नाही' असंच लिहिलेलं. पुढची पाहणी कधी, कोणालाच ठाऊक नाही. आता चुलीमागची भिंत पोट काढून पुढे आली आहे. दोनचा भोंगा वाजला की दोघं जेवणाची ताटं घेऊन अंगणात जातात.

गेल्या आठवड्यात शालू आली. सातवा महिना, हातात पेटी, पहिलं बाळंतपण. गिरजाबाईंनी तिला फाटकातच अडवलं.

"आत नोको येऊ, पोरी."

"काऊन? माहं माहेर हाये ना?"

"हाये वं माय. पण तुह्या लग्नासाठी मी भेगा लपवल्या. आता त्या भितीखाली तुले आन् लेकराले कशी झोपवू?"

शालू पेटीवर बसून रडली. देवराव तिला परतीच्या बसपर्यंत सोडायला गेले. गिरजाबाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. लेक पहिल्या बाळंतपणाला आली आणि मला तिला आत घेता आलं नाही. याहून मोठी लाज घराला कोणती?

मित्रांनो, घरं तुमच्याकडे रंग मागतात, डागडुजी मागतात. माझं मागणं उलटं आहे. घराला भेग दिसली तर चारचौघांत दाखवा, समोर सोयरे बसलेले असले तरी. आणि देवराव, गिरजाबाई, यादीत नाव येण्याची वाट पाहू नका. ज्या हातांनी मला बांधलं, त्यांच्यावर मला पडायचं नाही. मला सोडून जा.