नोकरांच्या खोल्या

तंबाखूच्या मळ्यावरची ती व्हर्जिनियातली हवेली १९८६ साली सव्वादोनशे वर्षांची झाली होती. लाल विटांची, दोन्हीकडे मोजून सारख्या खिडक्यांची. तिचे नकाशे काढायला भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या संघमित्राने टेप लावला तेव्हा दिवाणखान्याजवळच्या रुंद जिन्याची पायरी उंचीला साडेसहा इंच भरली. मागे भिंतीत दडवलेल्या जिन्याची भरली अकरा. भरलेली ताटं घेऊन माणसं चढायची ती याच जिन्याने. घर देखणं होतं, यात वादच नाही. तिला त्या देखणेपणाचाच राग आला.

मागच्या गवतात बारा खोपटांचे नुसते पाये उरले होते. तेही तिने मोजून नकाशात तुटक रेघांनी काढले आणि खाली शाईने लिहिलं, ‘स्लेव्ह क्वार्टर्स’, गुलामांच्या खोल्या.

तिचा टीम लीडर गिरीश पुण्याचा, दहा वर्षं अमेरिकेत मुरलेला. तो म्हणाला, “अगं, हवेली ज्यांची आहे त्या ट्रस्टच्या बाईंना ‘सर्व्हंट्स’ हवंय. चेंज कर ना यार. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ कोणाची, गिरीश? नोकराला नोकरी सोडता येते. यांना येत होती?”

“तुला सगळीकडे तेच दिसतं.”

“आमच्या गावच्या नकाशात कोंडवाडासुद्धा दाखवलाय. गावकुसाबाहेरची आमची वस्ती तेवढी कोरी. माझे बाबा त्या कोऱ्या जागेत जन्मले.”

गिरीशने घड्याळ पाहिलं. “बाई तीनला येतायत. हे असंच राहिलं तर त्या तुझं नाव ड्रॉइंगवरून काढायला लावतील. मग पुढच्या जॉबला काय दाखवशील? व्हिसा संपतोय तुझा.”

त्यात खोटं काही नव्हतं. नकाशावरचं नाव, चार महिन्यांच्या कामाचा तेवढाच पुरावा तिच्याकडे राहणार होता. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा संतापही आला.

तिने ब्लेड उचललं. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडायची सवय दोघांनाही भारतातली. गिरीशला हायसं वाटलं, ऐकलं एकदाचं! पण ती वाकली ती नकाशाच्या कोपऱ्यावर, जिथे दोघांची नावं होती, आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर करून खरवडून काढलं.

“घे. आता माझ्याकडून काढण्यासारखं काही उरलं नाही. शब्द राहतील.”

नकाशावर एकट्या गिरीशचं नाव उरलं. बाहेर बाईंची गाडी थांबली. त्याने ब्लेड घेतलं, त्या दोन शब्दांपर्यंत नेलं, थोडा वेळ तसंच धरलं. मग बाजूला ठेवलं आणि पेन उचललं.

“तुझ्या नावाचं स्पेलिंग सांग,” तो म्हणाला. “चार महिने शेजारी बसून मी ते कधी नीट वाचलंच नाही.”