खाली काय घ्यायची ती

आमच्या फोटोच्या दुकानात रंग मोजायचं काम बायकोचं होतं. कागद नवा असला की त्यावर नऊशे रंगीत चौकोन छापायचे आणि मोजायचं यंत्र त्यांच्यावरून ओळीओळीने फिरवायचं. मग त्या कागदावर कुठे किती शाई सोडायची ते प्रिंटरला कळतं. ती गेल्यावर पाच महिन्यांनी मी ते पहिल्यांदा केलं, तेही तिच्याच फोटोसाठी. लेक दोन दिवसांसाठी आली होती आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होती. आईचा फोटो सोबत हवा, तोही आईला आवडायचा त्या पातळ कागदावर, असा तिचा हट्ट.

प्रिंट निघाला. माझी धाकटी बहीण म्हणाली, “अगंबाई! दादा, वहिनी काय उजळ आलीय रे!”

लेकीने फोटो हातातसुद्धा घेतला नाही. “आत्या, ही आई नाही.”

“नाही काय? नाक बघ, डोळे बघ.”

“रंग बघ ना. बाबा, तू आईला पावडर फासलीस?”

खरं सांगायचं तर मला ठरवता येईना. सदतीस वर्षं जिला रोज पाहिलं, तिच्या गालाचा रंग मला छातीठोकपणे सांगता येईना. उठलो, बसलो, परत उठलो. शाई तपासली. उगाच मॉनिटर पुसला. दोनदा दुकानाबाहेर जाऊन आलो.

“आई मोजताना खाली काय घ्यायची?” लेकीने विचारलं.

“काय घेणार? टेबलच की.”

“नाही रे. त्याच गठ्ठ्यातले चार-पाच कोरे कागद घ्यायची. मी चित्रं काढायला पळवले की ओरडायची.”

मी मोजलं होतं कागद कापायच्या काळ्या रबरी पाटावर. पातळ कागदातून खालचा काळा वर आला, यंत्राला प्रत्येक रंग जास्तच गडद वाटला आणि प्रिंटरने शाईत हात आखडता घेतला. फोटो चिकटणार पांढऱ्या पुठ्ठ्यावर, तेव्हा मोजतानाही खाली पांढरंच हवं होतं. एवढी साधी गोष्ट मी तिला कधी विचारली नाही.

गाडीला दीड तास होता. चार कोरे कागद खाली सरकवले. घाईत दोन ओळी यंत्राने नाकारल्या, त्या परत घेतल्या.

दुसरा प्रिंट बाहेर सरकायला लागला. नुसतं कपाळ दिसलं आणि मला कुणाला विचारावं लागलं नाही.

“जरा काळीच आली,” बहीण हळूच म्हणाली.

“काळीच होती ती,” मी म्हणालो. “काळी चालेल म्हणून नव्हती केली मी, आवडली म्हणून केली.”

लेक फोटो घेऊन निघाली, बहीण तिला पोचवायला गेली. फिका प्रिंट माझ्याकडे राहिला. बिघडलेला प्रिंट आम्ही लगेच फाडतो. दोन्ही हातांत धरला, पण फाडवेना. खणात ठेवला, काढला. फळीवर ठेवला, तिथूनही काढला. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा तो माझ्या हातातच होता.