गाठ नसलेला धागा

मान वर केलीत तरच मी दिसेन. आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात, शकुनबाईच्या अंगणावर, घारींना अडवायला आडवातिडवा बांधलेला कोशाचा धागा आहे मी. रेशमानं लग्नात मिरवायचं सोडून कोंबड्यांच्या डोक्यावर टांगून घ्यावं, याचं लोकांना हसू येतं. हसा. त्याची मला लाज नाही. लाज आहे ती दुसरीच.

माझा जन्म जंगलातला, ऐनाच्या झाडावरचा. रानात कोश पाळणाऱ्या ढिवरांनी ते उतरवले, मधुकरराव मालकांनी ते घेऊन कोष्टीपुऱ्यात वाटले. मालक कोश तोलून द्यायचे आणि कापड तोलून घ्यायचे. शकुनबाईनं मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि मांडीवर वळून माझा धागा केला. तिच्यासारखा बारीक, एकसारखा धागा पुऱ्यात कोणालाच जमत नसे. शेजारच्या कुसुमताई तर आपल्या वाट्याचे कोशही तिच्याकडेच आणून टाकायच्या. म्हणायच्या, "तूच काढ वो बाई, माया हातून जाडा होते."

तिचा नवरा केवळराम माग चालवायचा. विणकर पहिल्या प्रतीचा, पण हात लांब. दर कापडामागे माझा थोडा भाग तो बाजूला काढायचा आणि कापडाला खळ जास्त लावून वजन भरून द्यायचा. अशी माझी चांगली जाड लडी झाली. फडक्यात गुंडाळून त्यानं मला छपराच्या कवेलूंखाली खोचलं. कधीतरी तुमसरच्या बाजारात विकू, असा त्याचा बेत होता. बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता आमच्या पुऱ्याची एक रीत सांगतो. कापड मागावरून उतरवलं की मागे हातहातभर टोकं उरतात. ती कोणी मालक मागत नाही. बायका ती एकाला एक गाठवतात आणि बांबू रोवून अंगणावर ताणतात. पंख अडकतील या भीतीनं घार तिथे झेप घेत नाही. उन्हाळ्यात पिलं निघाली की घरोघरी असं गाठीगाठींचं जाळं दिसायचं.

सत्तर सालानंतरचा एक उन्हाळा असेल. शकुनबाईचं जुनं जाळं कुजून गेलं होतं, आणि माहेराहून आणलेल्या कोंबडीखाली नुकतीच पिलं निघाली होती. सकाळी एक पिलू घारीनं तिच्या डोळ्यांदेखत उचललं. दुपारी दुसरं. ती हातातलं काम टाकून टोकं शोधायला धावली, तर घरात एकही टोक नाही. मग तिला झाडझूड करताना कवेलूंखाली दिसलेलं गाठोडं आठवलं. उरलेलीच टोकं असतील, असं समजून तिनं मला ओढून काढलं.

एका बांबूला मला बांधून ती दुसऱ्याकडे निघाली. तिची बोटं गाठीची वाट पाहत होती. हात झाला, दोन हात झाले, गाठ येईना. अर्ध्या अंगणात ती थांबली. मला उन्हात धरून पाहिलं आणि आपल्याच हाताचा पीळ ओळखला. वर घार घिरट्या घालत होती, कोंबडी पिलांना पंखाखाली घेऊन कोकलत होती.

"यायनं मालकाले सांगूनच ठेवलं असन," ती नवऱ्याबद्दल स्वतःशीच म्हणाली, आणि पुढच्या बांबूकडे गेली.

त्या संध्याकाळी घार दोनदा खाली आली आणि दोनदा माघारी फिरली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव कापड न्यायला आले. माझ्याखालून वाकताना त्यांची टोपी मला लागली. त्यांनी मला दोन बोटांत धरलं आणि या बांबूपासून त्या बांबूपर्यंत चालत गेले.

"केवळराम, याले गाठ काहून नाही?"

कुंपणाशी माणसं जमली. कुसुमताईही आल्या. शकुनबाई पिलांची टोपली घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडे अगदी निर्धास्तपणे पाहिलं. आता हे सांगतील, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

केवळरामनं जमिनीकडे पाहिलं. "मले काही माहीत नाही, मालक. बाईचं काम आहे. कोश काढता काढता तिनंच मागं ठेवला असन."

शकुनबाई खाली बसली आणि टोपलीतली पिलं एकेक करून अंगणात सोडू लागली. तिच्याच हातांनी वळलेला मी, तिच्या डोक्यावर चमकत राहिलो. मला तेव्हा शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांनी दोघांकडे पाहिलं, मग आतल्या मागाकडे. "राहू द्या," ते म्हणाले, "आता घारीच हाकलू द्या त्याले." त्यांनी मला तोडून नेलं असतं तर बरं झालं असतं.

केवळरामच्या मागाला मालकांकडून धागा येत राहिला. शकुनबाईकडे कोश येणं मात्र बंद झालं. ती एकदा मीठ मागायला गेली, तर कुसुमताईंनी कोशांची टोपली पायानं हळूच आत सरकवली. शकुनबाईनं ते पाहिलं. मीठ न घेताच ती परत आली आणि माझ्याखाली बसून पिलांना कण्या टाकत राहिली.

नवऱ्याला तिनं कधी जाब विचारला नाही. त्याचं जेवण वेळेवर वाढलं. ती ठेंगणी, म्हणून मी बांधलोही खाली. केवळराम रोज माझ्याखालून वाकून जायचा. मला वर बांधायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, पण त्यानं हात लावला नाही. पुढे पुढे तर तो दुसऱ्यांच्या मोकळ्या अंगणातूनही वाकूनच जाऊ लागला.

मी पावसात तुटायचो, ती गाठ मारायची. आता ऐंशी सालही उलटून गेलं आहे. केवळरामचे डोळे अधू झाले, माग बंद पडला. परवा मधुकरराव काठी टेकत सहज आले. दोघे माझ्याखाली चहा घेत बसले.

"अजून हाये का हा?" मालकांनी वर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू, केवळराम? मले त्याच दिवशी समजलं होतं. चोरीचा माल कोणी साऱ्या गावाले दिसन असा अंगणात बांधते का? काम तुयंच होतं. पण तुयासारखा विणणारा मले कुठं भेटला असता?"

केवळरामनं बशी खाली ठेवली.

शकुनबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमाले ठाऊक होतं, मालक?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मंग त्या दिवशी काहून नाही बोलले?"

तेवढ्यात कोंबडी ओरडली आणि अंगणातून घारीची सावली गेली. टाळ्या वाजवत, "हाऽऽ, हाऽऽ" करत शकुनबाई बाहेर धावली. ती दोन्ही माणसं मात्र जागची हलली नाहीत.

आता माझ्या अंगात जीव नाही. धाग्यापेक्षा गाठीच जास्त आहेत. येत्या पावसात मी जाईन, आणि त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जाताना तुम्हालाही माझ्याखालून वाकावं लागेल, पण बाहेर पडलात की शेजारच्या दारात जरा थांबा. कुसुमताईंना सांगा, की टोपली आत सरकवायचं काही कारण नव्हतं. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. या वेळेला त्या घरीच असतात.