शिंपी नावाचा माणूस

नव्या गृहमंत्रीबाईंना गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख पहिल्या दिवसापासून खटकत होता. माणूस मवाळ, बोलणं लोण्यासारखं. पण काहीही विचारा, उत्तर तयार. बाईंचा थोरला भाऊ म्हणालाही होता, "छोटे, ज्याच्या तोंडून कधी 'माहीत नाही' निघत नाही, त्याच्यावर विसंबू नकोस."

म्हणून बाईंनी त्याची परीक्षा पाहायचं ठरवलं. एका बैठकीनंतर सहज आठवल्यासारखं विचारलं, की तो 'शिंपी' म्हणतात त्या बॉम्ब बनवणाऱ्याचं पुढे काय झालं? असा कोणी नव्हताच. आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी तो मनातल्या मनात रचला होता. प्रमुखाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माग काढतो, एवढंच म्हणाला.

हळूहळू प्रमुखाच्या अहवालांतून त्या शिंप्याला हातपाय फुटू लागले. बंदराजवळ भाड्याची खोली आहे, डाव्या पायाने लंगडतो, एकटाच राहतो. बाईंना हसू आलं. मंत्रिमंडळासमोरच याचं पितळ उघडं पाडू, म्हणून त्या गप्प राहिल्या.

मंत्रिमंडळाच्या बैठकीच्याच सकाळी प्रमुखाने टेबलावर एक फोटो ठेवला. पहाटे पकडायला गेले, तो पळू लागला, गोळी घालावी लागली, असं त्याने सांगितलं. फोटोत फरशीवर एक किडकिडीत माणूस पडलेला, गळ्यात मोजपट्टी. शेजारी शिलाई मशीन, सुईखाली लहान मुलाचा अर्धवट सदरा.

बाईंनी फोटो जवळ ओढला.

"असा माणूस नव्हताच," त्या म्हणाल्या. "तुमची परीक्षा पाहायला मी तो रचला होता."



"आमच्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं, बाईसाहेब. पण नाव तुमच्याकडून आलं होतं. तुमच्याकडे पक्की खबर असणार, असं आम्ही धरलं. विश्वास ठेवला."

मग त्याने फोटो उचलला आणि हे दोघांतच राहिलेलं बरं, असं हलकेच सुचवलं. आपण मान कधी डोलावली, हे बाईंना कळलंच नाही. बैठकीत, बॉम्ब बनवणारा संपवला म्हणून सगळ्यांनी गृहमंत्रीबाईंचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंची अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवशी प्रमुख वेळेवर हजर. पूर्वीपेक्षा जास्तच अदबीने बसला.

"आज कोणाचा माग काढायचा?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. कोणाचंही नाव मनात येऊ नये म्हणून त्या उठून खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली रस्त्यावरून माणसं आपापल्या कामाला चालली होती.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, प्रमुख शेजारी येऊन उभा आहे आणि त्यांच्या नजरेच्या रोखाने खाली बघतो आहे.