नात्याचा रकाना

"बाई, तुमची सोय खाली आहे," दारावरचा माणूस म्हणाला. "तळघरात. जिना उतरलात की उजव्या हाताला."

माझ्या कडेवर दीड वर्षाची गोळी होती आणि बोटाला धरलेला पाच वर्षांचा वकील. ही काही त्यांची खरी नावं नव्हेत. पण नात गोल आहे, आणि नातू वादात कुणाला हार जाईल तर शपथ, म्हणून मी त्यांना अशीच हाक मारते. समोर हॉटेलचं नाश्त्याचं दालन होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कापलेल्या फळांचे ढीग, अंड्यांचा वास. पोरं सकाळपासून भुकेने चुळबुळत होती.

"अहो, मी ह्यांची आजी," मी म्हटलं. "मुलगा आणि सून आत बसलेत आमचे. ते बघा, खिडकीपाशी."

माणूस अदबशीर होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्याने पुढ्यातल्या यादीवर बोट ठेवलं. "इथे तसं नाहीये, बाई. मी काय करणार?"

यादी त्याच्या बाजूने सुलटी आणि माझ्या बाजूने उलटी होती. पण इस्पितळाच्या भरती-खिडकीआड एकतीस वर्षं बसलेल्या बाईला उलटं वाचता येतं. समोरचा माणूस फॉर्म भरत असतो आणि तो कुठे चुकतोय ते आपण आतून बघत असतो. मी वाचलं. सूट क्रमांक सहाशे चार. प्रौढ दोन. मुले दोन. सेवक दोन.

"हे सेवक कोण?" मी विचारलं.

त्याने यादी आपल्याकडे ओढली. वकिलानेच माझा हात ओढला आणि मोठ्याने म्हणाला, "मावशी, तू जा ना खाली." मग कानाशी येऊन, "आजी, खेळ आहे हा! बाबांनी सांगितलाय. हॉटेलात तुला मावशी म्हणायचं आणि आजोबांना काका. जो चुकेल तो आउट."

मी खिडकीकडे पाहिलं. माझा मुलगा त्याच्या मोठ्या साहेबांच्या समोर बसला होता. त्याने मान वर केली, मला पाहिलं, दारावर अडवलेली पाहिली, आणि पुन्हा ऑम्लेटमध्ये डोकं घातलं. सूनबाई उठून आली. तिची नजर जमिनीवर होती. "द्या इकडे," एवढंच म्हणाली. मावशी म्हणायला तिची जीभ रेटली नसावी आणि आई म्हणायची हिंमत झाली नसावी. गोळीला घेऊन, वकिलाला पुढे घालून ती आत गेली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्या दारात कळलं.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. वर्षातून एकदा आठ दिवस येतो, त्यातले चार झोपण्यात जातात. त्यामुळे महिन्यापूर्वी त्याचा फोन आला तेव्हा मी हरखून गेले होते. चांगलं काम केलेल्या दहा जणांना कंपनी मोठ्या हॉटेलात तीन दिवस ठेवणार होती, सहकुटुंब. "तुम्हीही चला," म्हणाला. "अख्खा सूट आहे. बैठक वेगळी, निजायची खोली वेगळी. पोरं तुमच्याजवळ राहतील." मी शेजारणीला सांगितलं. खोटं कशाला, सगळ्या मजल्याला सांगितलं. मुलगा हॉटेलात घेऊन चाललाय आम्हाला.

काल संध्याकाळी आलो. आम्हा दोघांना त्याने सूटमधल्या चहाच्या ओट्यामागची खोली दिली. एकावर एक दोन अरुंद पलंग, हातभर खिडकी आणि खिडकीसमोर भिंत. "इथे शांत वाटेल तुम्हाला," सूनबाई म्हणाली. मला वाटलं, काळजीने म्हणतेय. आमचे हे वरच्या पलंगावर चढताना दोनदा घसरले आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो. ती सेवकांची खोली होती.

मी तळघरात उतरले. नाश्त्यासाठी नव्हे, ह्यांना शोधायला. हे सकाळी "जरा फिरून येतो" म्हणून गेले होते, ते अजून आले नव्हते. तळघरात एक लांबडी खोली, पत्र्याची टेबलं, आणि मधोमध आमचे हे, चार ड्रायव्हरांच्या घोळक्यात, क्लचप्लेट गेलेली कशी ओळखावी यावर व्याख्यान देत बसलेले. जन्मभर बसडेपोत फिटर होते. ऐकणारा मिळाला की ह्यांचं पोट अर्धं भरतं.

"ये, ये," मला बघून म्हणाले. "इथलं गरम आहे सगळं. वर नुसता थाट."

"तुम्हाला माहीत होतं?"

ड्रायव्हर लोक शहाणे. आपापल्या थाळ्या उचलून पलीकडच्या टेबलावर गेले. ह्यांनी पाण्याचा पेला सरकवत ठेवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"त्याने विचारलं होतं मला," हे म्हणाले. "कंपनीचा नियम आहे. बायको, मुलं चालतात. मुलं लहान असली तर सांभाळायला दोन माणसं चालतात. आईवडील चालत नाहीत."

"सेवक चालतात आणि आईवडील चालत नाहीत?"

"नियम मी केला का गं?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो."

"मला न सांगता."

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस?" हे म्हणाले. "तीन दिवस पोरं मिळणार होती. कागदावर कुणी काय लिहिलंय ते मी बघत नाही. मी आजोबा आहे ते मला माहीत आहे की."

मला बघावं लागतं. एकतीस वर्षं मी तेच बघत आले. आमच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, 'रुग्णाशी नाते'. लोक तो रिकामा ठेवायचे, कारण एकदा 'मुलगा' म्हणून लिहिलं की सही करावी लागते, रात्री थांबावं लागतं. एकदा सुटाबुटातला एक माणूस म्हाताऱ्याला घेऊन आला आणि त्या रकान्यात त्याने 'ओळखीचे' लिहिलं. म्हातारा स्ट्रेचरवरून त्याला लाडाच्या नावाने हाक मारत होता. मी फॉर्म परत केला. तो चिडला, साहेबाकडे तक्रार करीन म्हणाला. मी म्हटलं, करा, पण आधी हे खोडून बरोबर लिहा. शेवटी त्याने लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या मुलाला हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तेव्हा तो दहावीत होता. हसला होता माझ्याबरोबर.

हे सगळं डोक्यात घेऊन मी वर आले, तर लिफ्टपाशी हे लोक नाश्ता आटोपून निघालेले. साहेब फोनवर बोलत पुढे गेले होते. मागे साहेबांच्या बाई, माझा मुलगा, सूनबाई. गोळीने मला पाहिलं आणि आईच्या कडेवरून माझ्याकडे झेप घेतली. मी घेतलं तिला.

"किती लळा आहे हो हिला तुमचा!" बाईसाहेब म्हणाल्या. "किती वर्षं आहात ह्यांच्याकडे?"

मी मुलाकडे पाहिलं. "अडतीस," म्हटलं.

"अगबाई! अडतीस? म्हणजे ह्यांच्या आईच्या वेळेपासून?"

"हो. त्यांच्या आईला मी चांगली ओळखते. फार कडक बाई. खोटं बोललेलं तिला चालायचं नाही."

बाईसाहेब हसल्या. मनाने वाईट नव्हत्या हो त्या. "अशी माणसं आता मिळत नाहीत," मुलाला म्हणाल्या. "आमच्याकडे पाठवता का यांना? काय हवं ते देऊ."

मी थांबले. मुद्दामच थांबले. एवढंच तर म्हणायचं होतं त्याने, ही माझी आई आहे म्हणून. लाजत म्हणाला असता, हसत म्हणाला असता, तरी मी सगळं पोटात घातलं असतं. माझ्या मुलाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मीटिंग दहाला आहे ना?"

मी गोळीला सूनबाईच्या हातात दिलं. सूनबाईचे डोळे भरले होते. पण भरलेल्या डोळ्यांचं मी काय करणार होते?

काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. मी म्हटलं, "सहाशे चारची नोंद बघायचीय. चुकीची आहे, दुरुस्त करायचीय." तिने जाड वही काढली. सूट, तारीख, नावं, नातं. माझ्या मुलाच्या अक्षरात आमची नावं होती, आणि नुसतीच नावं. आडनाव नव्हतं. सेवकांना आडनाव लागत नाही, असं दिसतं.

"इथे आई हवं," मी म्हटलं. "आणि आडनाव."

मुलगी गोंधळली, आतून मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजर अगदी मधाळ बोलत होता. "मॅडम, अडचण अशी आहे, की कंपनीच्या यादीत आई बसत नाही. तुम्ही सेवक असाल तर आनंदाने राहा. आई असाल तर वेगळी खोली घ्यावी लागेल, आणि खोली आज एकही शिल्लक नाही."

"म्हणजे आई असेन तर जागा नाही."

"नियम आहे, मॅडम."

बाई म्हणून आले होते, दोन मिनिटांत मॅडम झाले, आणि मॅडम झाल्याबरोबर बाहेर. मला हसूच आलं. मी म्हटलं, "पेन द्या."

तेवढ्यात मुलगा धावत आला. मागून हे आले, वकिलाला घेऊन. तळघरातून वर येताना वाटेत भेटला असेल.

"आई, प्लीज," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी तुम्हाला आणायचं म्हणूनच केलं ना हे? न आणता आलो असतो तर बरं वाटलं असतं तुला?"

"हो."

"साहेब वही बघतात. काय तोंड दाखवू मी त्यांना?"

"आहे तेच दाखव. माझ्यासारखं आहे, सगळे म्हणतात."

"आई, सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस."

"तमाशा?" माझा आवाज चढला, चढू दिला. "पोराला खेळ म्हणून शिकवलंस तू. आजीला आजी म्हटलं की आउट! तुला आठ वर्षांचा होईस्तोवर दम्याने छळलं, इस्पितळात नेताना दर वेळी मी त्या रकान्यात 'आई' लिहिलंय. एकदाही हात थरथरला नाही माझा. आणि तुला एक शब्द जड झाला?"

काउंटरवरची मुलगी खाली बघत होती. मुलाने मागे वळून लिफ्टकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

मी वही माझ्याकडे फिरवली. चुकीची नोंद खरवडायची नसते. एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, शेजारी सही. मी 'सेवक'वर रेघ मारली, वर 'आई' लिहिलं, आडनाव लिहिलं, सही केली. मग पेन खालच्या ओळीवर नेलं, ह्यांच्या नावाकडे.

ह्यांनी त्या ओळीवर पंजा ठेवला. नखांत अजून काळं असलेला, जाड बोटांचा पंजा.

"माझं राहू दे," हे म्हणाले.

"अहो!"

"तुझं बरोबर आहे. मी नाही म्हणतच नाही." वकील ह्यांच्या पायाला बिलगून उभा होता. "पण मला राहू दे. पुढच्या वर्षी हा सहाचा होईल. मग खांद्यावर बसायचा नाही गं."

ह्यांचा राग आला नाही असं सांगितलं तर चांगलं दिसेल. पण आला, भयंकर आला. चाळीस वर्षांच्या संसारात इतका कधी आला नव्हता. मी पेन खाली ठेवलं आणि बॅग आणायला वर गेले.

हॉटेलसमोरच्या बसथांब्यावर मी उभी होते तेव्हा ते सगळे बाहेर पडले. मीटिंग पुरुषांची असणार, बायकामुलांना शहर दाखवायला कंपनीची मोठी गाडी लागली होती. मुलगा पायरीपर्यंत पोचवायला आला. पुढे बाईसाहेब, सूनबाई, आणखी तीन-चार बायका आणि त्यांची मुलं. दहा पावलं मागे आमचे हे. एका हाताने गोळीची ढकलगाडी, दुसऱ्या हातात वकिलाचं बोट. हे गाडीपाशी पोचले तशी बाईसाहेबांनी आपली शाल ह्यांच्या खांद्यावर टाकली, आरामात, तोंडाकडे न बघता. मुलाने ते पाहिलं. तो एक पायरी खाली उतरला आणि तिथेच थांबला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो वळून आत गेला.

सगळे चढले. हे शेवटी चढले आणि मागच्या काचेकडे तोंड असलेल्या बाकावर बसले, मांडीवर गोळी, शेजारी वकील. गाडी हलली तेव्हा ह्यांची नजर रस्त्यापलीकडे माझ्यावर पडली. ह्यांनी स्वतःचा हात केला नाही. गोळीचा हात मनगटाशी धरला आणि तो माझ्याकडे बघून हलवला, दोनदा.

मीही हात केला, गोळीला.