वत्सलाबाईंच्या मिरचीची कुंडी

मी एक जुनी कुंडी आहे, काठाचा टवका उडालेली. बडोद्याच्या फतेपुऱ्यात एका कुंभाराने मला घडवले आणि गोरव्यातल्या गॅलरीत वत्सलाबाईंनी माझ्यात मिरची लावली. पाणी घालण्याआधी त्या मातीत दोन पेरे बोट खुपसायच्या. ओल लागली की म्हणायच्या, "आज नको, बाई." ताकाचे भांडे विसळलेले पाणीही मलाच मिळे. आठ वर्षे माझी माती कोणी बदलली नाही.

मग एका पावसाळ्यात वत्सलाबाई टायफॉइडने गेल्या. पाठोपाठ सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या. त्यांचे यजमान दिनकरराव मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांना जिकडेतिकडे जंतू दिसू लागले. पाणी दोनदा उकळत, दाराची कडी रुमालाने धरत. माझ्याकडे तर चोराकडे बघावे तसे बघत.

एका सकाळी ते फिनेलची बाटली घेऊन आले. "हिचे हात सारखे याच मातीत असायचे. ओतूनच टाकतो."

"बाबा, ऊभा रहो, थांबा!" त्यांची मुलगी ईशानी आडवी आली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. "मला थोडे दिवस द्या."

तिने मिरचीच्या मुळाला चिकटलेली चिमूटभर माती बाटलीत भरली. मित्रांनो, खरे सांगते, मलाही तिचा संशय आला. ही माझ्याविरुद्ध पुरावा तर नेत नाही?

तिने मातीतले जीव काचेच्या बशीत वाढवले, वेगळे केले, तपासले. मग घरी येऊन म्हणाली, "यातला एक काडीसारखा जीव मुळांपाशी राहतो. रोपाला वाढायला मदत करतो असं वाटतंय."

"म्हणजे जंतूच ना?"

"जंतूच. पण कामावर असलेला."

"कामावर असलेले किती काम करतात, ते मी रोज बघतो."

तिने सगळे जंतू मरावेत म्हणून वाफवलेल्या मातीत मिरचीची दोन सारखी रोपे लावली. एकाला त्या जिवाचे पाणी घातले, दुसऱ्याला तेच पाणी उकळून.

"तू एकाला चोरून खत घालशील," म्हणत दिनकररावांनी दोन्ही रोपे आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली, दाराला कुलूप लावले आणि स्वतः चमच्याने मोजून पाणी घातले.

महिन्याने त्यांनी पट्टी लावली. जिवाचे पाणी मिळालेले रोप वीतभर, गर्द हिरवे. उकळलेल्या पाण्याचे चार बोटे, फिकट. त्यांनी तीनदा मोजले.

"पण मग तुझ्या आईला ताप कुणी दिला?" ते हळूच म्हणाले.

"तो पाण्यातून आला, बाबा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ज्याच्यावर तुमचा राग आहे, तो जंतू हा नव्हे."

दिनकरराव तांब्या घेऊन गॅलरीत आले. आत फिनेल असेल म्हणून मी धसकले. ते खाली बसले. त्यांनी मातीत बोट घातले, दोन पेरे.

"आज नको, बाई," ते म्हणाले.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. त्यांनी घेतला म्हणूनच कुलूप लागले आणि खरे कळले. पण कुंडी उलटी करण्याआधी तेवढा महिना तिला द्या. कुंडीत नवी माती भरता येते. आधीच्या मातीत राहणारे मात्र परत येत नाहीत.